तुम्ही विचारलंत म्हणून : आइसलँडचं साहित्य कुठून वाचायला घ्यावं?

‘आइसलँडचं काहीतरी वाचायचंय, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याला लागूनच दुसरा : ‘भाषा शिकावी लागेल का?’

आधी दुसऱ्याचं उत्तर. कादंबऱ्यांसाठी भाषा शिकावी लागत नाही, इंग्रजी अनुवाद भरपूर आहेत. नावं मात्र वाचता यायला हवीत. नाव उच्चारता आलं नाही की डोळा त्यावरून नुसता पुढे सरकतो आणि पन्नासेक पानांनंतर कोण कोणाचा हेच कळेनासं होतं. पुस्तकं अर्धवट सुटतात ती बहुतेक तिथेच.

जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यायचा. ‘जे’ म्हणजे य. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ म्हणजे आउ. जोड ‘एल’चा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘त्ल’ असा होतो, म्हणून हिमनदीच्या नावांच्या शेवटी येतं ते ‘योकुत्ल’, आणि प्रसिद्ध सागाचा (सागा म्हणजे मध्ययुगात लिहिलेली आइसलँडिक गद्यकथा) नायक ‘न्याउत्ल’. इंग्रजी पुस्तकांत त्यांची खास अक्षरं बदलून ‘टीएच’ आणि ‘डी’ छापतात, त्यामुळे एकच नाव दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी दिसलं तर गोंधळू नका. एका बाबतीत मराठी कान फार उपयोगी पडतो. त्यांचे ‘बी’ आणि ‘डी’ घोष नसतात, आपल्या प आणि त सारखे असतात; आणि शब्दारंभीचे ‘पी’, ‘टी’, ‘के’ महाप्राण असतात. पुस्तकाला ते लिहितात ‘बोक’, ऐकू येतं ‘पोउक’. क आणि ख हा भेद आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला आहे.

आडनाव बहुतेकांना नसतंच. आपल्याकडे मधे येणारं वडिलांचं नाव तिथे शेवटी येतं, मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ जोडून. हाक पहिल्या नावाने, मग समोर पंतप्रधान का असेना. बाहेरच्या देशांतली ग्रंथालयं मात्र हे शेवटचं नाव आडनाव समजून पुस्तकं लावतात. तेव्हा आर्नाल्दुर इंद्रिदासोन हा रहस्यकथाकार शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

सुरुवातही याच आर्नाल्दुरपासून करावी असं माझं ठाम मत आहे. रहस्यकथा म्हणून नाक मुरडू नका. २००० साली आलेली त्याची ‘मिरिन’ घ्या. इंग्रजीत ती ‘जार सिटी’ आणि ‘टेंटेड ब्लड’ अशा दोन नावांनी मिळते. पुस्तक एकच, दोनदा विकत घेऊ नका. तळघरातल्या खोलीत एका म्हाताऱ्याचा खून होतो आणि तपास वळतो आनुवंशिक आजारांच्या नोंदींकडे. १९९८ साली आइसलँडच्या संसदेने अख्ख्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा कायदा केला होता, त्यावरून मोठा वाद झाला होता. लोकसंख्या तीन-चार लाख, वंशावळी शतकानुशतकं जपलेल्या. अशा ठिकाणी कुटुंबाचं गुपित किती दिवस टिकणार, हा या कादंबरीचा खरा विषय. इंग्रजीत ही मालिका तिसऱ्या पुस्तकापासून सुरू होते, त्यामुळे पहिली दोन शोधत बसू नका. लगेच पुढची ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ वाचा, ती जास्त चांगली आहे. राग्नार योनासोनच्या सिग्लुफ्योर्दुर गावातल्या मालिकेत वेगळी अडचण आहे. कथाक्रमात बरंच पुढचं असलेलं ‘नाइटब्लाइंड’ इंग्रजीत दुसरं म्हणून आलं. प्रकाशनाच्या क्रमाने गेलात तर मधली काही वर्षं हातून निसटतात.

मग लाक्सनेस. हाल्दोर लाक्सनेसला १९५५ चं नोबेल मिळालं. ‘इंडिपेंडंट पीपल’ ही त्याची कादंबरी (मूळ १९३४-३५) टाळून आइसलँड कळणार नाही. ब्यार्तुर अठरा वर्षं दुसऱ्याकडे राबतो, मग डोंगरातली पडीक जमीन घेतो आणि कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत या एका हट्टावर जगतो. सुरुवातीचं भुताखेतांचं प्रकरण जड जातं, पण ते गाळू नका. वाटेवरच्या समाधीवर दगड टाकायची रीत ब्यार्तुर धुडकावतो. नवी नवरी रोसा गयावया करते, तरी ऐकत नाही. ती भीती पुढे घरात मुक्कामाला येते. एका वादळी रात्री, एकटी आणि भुकेली असताना, रोसा घरातली मेंढी मारून खाते. पुढे गरोदर बायकोला घरी ठेवून ब्यार्तुर त्याच हरवलेल्या मेंढीच्या शोधात बर्फात निघतो. हे सगळं लाक्सनेस इतक्या कोरड्या स्वरात सांगतो की वाचणाऱ्याचाच घसा दाटतो. पुढे व्यापारी आणि सहकारी सोसायटी यांची ओढाताण, कर्ज, महायुद्धात चढलेला मेंढ्यांचा भाव आणि नंतरची पडझड येते. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला त्यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे ना, हे बघून घ्या. ‘साल्का वाल्का’चा जुना इंग्रजी अनुवाद डॅनिशवरून केलेला होता, फिलिप रॉटन यांनी मूळ आइसलँडिकवरून केलेला २०२२ मध्ये आला, तोच घ्या.

एवढा ऐवज जड वाटला तर मधे श्योनचं ‘द ब्लू फॉक्स’ वाचा, एका बैठकीत होतं. किंवा आउदुर आवा ओलाफ्सदोत्तिरचं ‘मिस आइसलँड’ : साठच्या दशकातली एक लेखिका आणि तिच्या लिखाणापेक्षा रूपावरच नजर असलेलं शहर.

सागांना हात घालायचा तो यानंतर. बहुतेक जण थेट न्याउत्लच्या सागाकडे जातात आणि दीडशेहून जास्त प्रकरणं व शेकडो माणसं पाहून पुस्तक मिटतात. आधी ‘राफ्न्केलचा सागा’ घ्या. तो आटोपशीर आहे आणि माणसं मोजकी आहेत. राफ्न्केलने शपथ घेतलेली असते की फ्रेफाक्सी या घोड्यावर कोणी बसला तर त्याला मारीन. मेंढ्या हरवतात तेव्हा एइनार नावाचा गुराखी घोडा शोधू लागतो. बाकीच्या घोड्या पळून जातात, फ्रेफाक्सी तेवढा जागचा हलत नाही. एइनार त्याच्यावर बसतो आणि दिवसभर दौडवतो. संध्याकाळी घामाने निथळणारा, चिखलाने माखलेला घोडा स्वतःच मालकाच्या दारात येऊन खिंकाळतो. कोणाच्या मनात काय आलं हे सागा सांगत नाही. राफ्न्केल दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन निघतो, इतकंच. वाचताना वंशावळीची पानं पाठ करायला जाऊ नका; कोण कोणाचा भाऊ, कोणाचा जावई एवढं पेन्सिलीने समासात लिहिलं की पुरे, कारण खटल्यात कोण कोणाच्या बाजूने उभा राहणार ते त्यावरच ठरतं.

इथवर आलात की भाषेची ओढ लागतेच. आइसलँड विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ हा अभ्यासक्रम फुकट आहे. तीन लिंगं आहेत म्हणून घाबरू नका; चांगला, चांगली, चांगलं म्हणणाऱ्याला गोदुर, गोद, गोत्त समजायला वेळ लागत नाही. मुलगे-मुली मिळून आपण ‘मुलं आली’ म्हणतो, तसं तेही मिश्र घोळक्याला नपुंसकलिंगी सर्वनाम वापरतात. खरा अडथळा शब्दकोशात येतो. पुणे-पुण्याला होतं तशी तिथे माणसांची नावंसुद्धा विभक्तीत बदलतात : एगिल या नावाचं एक रूप आग्लि होतं, आणि ते शब्दकोशात सापडत नाही. त्यासाठी आउर्नी माग्नूसोन संस्थेचा ‘बिन’ हा रूपकोश आहे, तोही फुकट. कोणतंही रूप टाका, मूळ शब्द मिळतो. हाताशी नसेल तर ‘ओ’वर दोन टिंबं दिसताच तिथे ‘ए’ घालून शोधा, बऱ्याचदा जमतं.

मूळातून वाचायलाही राफ्न्केलच बरा. सागांचा मजकूर आधुनिक लेखनपद्धतीत, इंग्रजीसह, इंटरनेटवर मोफत आहे. दोन खिडक्या शेजारी उघडा आणि एका वेळी एकच परिच्छेद घ्या. एगिलचा सागा मात्र शेवटी ठेवा. त्यात जागोजागी कविता आहेत, त्यांतले शब्द वृत्तासाठी इकडेतिकडे विखुरलेले असतात आणि टीपांशिवाय त्यांचा अन्वय लागत नाही.