दारू सोडून एकसष्टावा दिवस

रविवार, रात्री साडेदहा

आज साडेसात एचपीच्या मोटरचं वाइंडिंग पूर्ण केलं. एकेका कॉइलचे वेढे तोंडाने मोजत गेलो, कुठेच चुकलो नाही. फेब्रुवारीत हीच तार स्लॉटमध्ये जात नव्हती. हातांची थरथर थांबायला सकाळी आठलाच क्वार्टर लागायची. त्या दिवसांत मी भरलेली एक मोटर आठवड्यात जळाली आणि एका शेतकऱ्याचा कांदा पाण्यावाचून वाळला. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, दुकानात येणंच बंद केलं. ते अजून मनातून जात नाही.

सोडायचे प्रयत्न कमी केले नव्हते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माळ घातली, आणि प्यायला बसण्याआधी ती काढून खुंटीला टांगली. हिने कुणाच्या तरी सांगण्यावरून दारू सुटायची पुडी आणून माझ्या भाजीत मिसळली. त्या रात्री दारूवर ते पोटात गेलं आणि छाती अशी धडधडली, की वाटलं आता संपलं. तिचा काय दोष? तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता. राग येतो तो पुड्या विकणाऱ्यांचा. न सांगता दिलेल्या अशा औषधाने माणूस मरू शकतो, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

शेवटी दवाखान्यात भरती झालो, ते बरं झालं. रोज पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. मला दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. गोळ्या, बी-१ची इंजेक्शनं, सलाईन. सुट्टी होताना तिथल्या समुपदेशक ताईंनी केसपेपरच्या मागे एक वार, वेळ आणि फोन नंबर लिहून दिला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. खाली १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबरही लिहिला. सोनगीरपासून एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासावर, धुळ्यात, दारू सोडू पाहणारी माणसं दर आठवड्याला एकत्र बसतात. मी त्याच रस्त्यावरून इतकी वर्षं तार आणायला जातो, आणि मला पत्ता नव्हता.

तरी दोन रविवार गेलो नाही. कुणी ओळखीचं भेटलं तर? तिसऱ्या रविवारी गेलो आणि तेच झालं. आमच्याच बाजारातले एक जण समोरच्या बाकावर. त्यांनी नुसती मान हलवली. बाहेर आजपर्यंत आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही.

शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक. तिथल्या नानांनी चहा दिला तो अर्धाच कप. मला आधी लागलं ते. मग दोन्ही हातांनी कप तोंडाला नेला आणि थेंबही सांडला नाही, तेव्हा कळलं अर्धा का दिला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं होतं आणि पाहिल्याचं दाखवलं नव्हतं.

फी नाही, नोंदवही नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो त्यात दहा-वीस टाकतो. बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. नाना सांगतात, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. मला त्यात खरं वाटतं ते एवढंच, की एक दारुडा दुसऱ्या दारुड्याशी बोलला. डॉक्टर, सासरे, भाऊ सगळे मला समजावत होते. इथे मला कुणी समजावत नाही. जो तो स्वतःचं सांगतो.

पहिले तीन रविवार मी गप्प बसलो. मग एक म्हातारे बाबा उठले आणि अहिराणीत म्हणाले, ‘‘मी दारुड्या शे.’’ आईच्या बोलीत ते ऐकलं आणि पोटात कालवलं. त्यांच्यानंतर मी उभा राहिलो. फार बोललो नाही. कांद्याचं सांगितलं.

त्या शेतकऱ्याकडे जायचंय. नाना म्हणाले, दारू सोडण्याच्या इथल्या बारा पायऱ्यांत नुकसान भरून देण्याची पायरी नववी आहे, घाई करू नको, आधी टिक. जन्मभराची शपथही कुणी मागत नाही. आज पहिला घोट घ्यायचा नाही, एवढंच. माळेच्या वेळी मी जन्मभराचं बोललो होतो.

आज जेवताना ही म्हणाली, ‘‘तिथं घरच्यांचं काही असतं का हो?’’ असतं, अल-अ‍ॅनॉन म्हणतात त्याला. जवळ कुठे भरतं ते नाना विचारून सांगणार आहेत. सोळा वर्षांत तिने स्वतःसाठी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, नऊ दिवसांवर आली. बहिणी येतील, झोके बांधले जातील, आणि दुपारनंतर भाऊबंद पत्त्याला बोलावतील. तिथे बाटली असतेच. नाना म्हणाले, फोन कर. पत्ते पिसायच्या आधी कर, नंतर नको. नंबर दुकानातल्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.