चाट कुठे गेली?

वडिलांचं पुण्यात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोवर दुरुस्तीला येणारे टेप आटले होते आणि ‘या कॅसेटची सीडी करून द्याल का?’ असं विचारणारे वाढले होते. बरं साउंड कार्ड घेतलं, मुंजीच्या, लग्नाच्या, कुणाच्या आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी उतरवून देऊ लागलो. ग्रामोफोनच्या तबकड्या त्यानंतर आल्या, बहुतेक माळ्यावरच्या ट्रंकेतून, काही जुन्या बाजारातून.

पहिली दोन वर्षं आम्ही जे करत होतो ते आता सांगायला लाज वाटते. तबकडी लावायची, रेकॉर्ड करायची, सॉफ्टवेअरमध्ये ‘क्लिक काढा’चा काटा शेवटपर्यंत ओढायचा आणि चहा प्यायला जायचं. टकटक सगळी गायब. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

मग एक तबलजी आपल्या गुरुजींच्या सोलोची एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, घेऊन आले. सीडी नेली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. ‘आवाज स्वच्छ आहे हो, पण चाट कुठे गेली? तबल्यावर टॉवेल टाकून वाजवल्यासारखं वाटतंय.’ चाट म्हणजे तबल्याची कड, तिच्यावर बोट पडलं की निघणारा टणक आवाज.

त्या रात्री मूळ फाइलमधून साफ केलेली फाइल वजा केली आणि उरलं ते ऐकलं. टकटक होतीच, पण तिच्यामागे ‘ना’ आणि ‘तिरकिट’ इतकं ठळक ऐकू येत होतं की हातावर तीनताल मोजता आला. यंत्राला काय, एकदम उसळलेली रेघ दिसली की ती कापायची. ती धुळीमुळे उसळली की बोटामुळे, हे त्याला कळत नाही. झांजा, चिपळ्या, घुंगरू, सगळ्यांची हीच गत. गुरुजींची एलपी पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आधी धुणं. निम्मी टकटक नुसती माती असते. व्हिनाइल डिस्टिल्ड वॉटरने धुतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट चुकूनही लावत नाही, लाख त्यात विरघळते. मग ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर उतरवतो, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने. क्लिकचा टोकदारपणा गाण्यातल्या सगळ्यात बारीक आवाजाच्याही वर पसरलेला असतो, त्यामुळे इतक्या बारीक नोंदीत तो पकडायला सोपा जातो. मोनो तबकडी असेल तर डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज घेऊन एकत्र करतो. गाणं दोन्हीकडे सारखं असतं, कचरा बऱ्याचदा नसतो, त्यामुळे तिथेच बरीच खरखर कमी होते.

यंत्राकडून फक्त मोठे धक्के काढून घेतो. बाकीचं हाताने. तबकडीवर आडवा ओरखडा असला तर काम उलट सोपं होतं. एलपीचे मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. एक टक सापडली की १.८ सेकंद पुढे सरकायचं, पुढची तिथेच बसलेली असते. झूम केलं की ती लाटेत रुतलेल्या काट्यासारखी दिसते. एक मिलिसेकंद म्हणजे आमच्याकडे ९६ नमुने, तेवढेच खोडायचे आणि दोन्हीकडच्या लाटेच्या अंदाजाने भरायचे. आलापातल्या शांत जागेची टक काढतोच. द्रुत लयीत तबल्याखाली दडलेली कानाला टोचत नसेल तर तिला हात लावत नाही. मागच्या संथ खरखरीलाही फारसं छेडत नाही, ती पूर्ण पुसली की तानपुरा पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो.

तबकडीच्या एका बाजूला अर्धा दिवस सहज जातो. आमच्याच भागात हेच काम तासाभरात, निम्म्या दरात होतं, म्हणून बरीच गिऱ्हाइकं तिकडे जातात. त्यांतली काही तिथली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन येतात, ‘जरा आवाज मोकळा करा.’ कापून फेकलेली चाट त्या फाइलमध्ये नसतेच, मी कुठून आणू? आता फोनवरच सांगतो, फाइल नको, तबकडी आणा. आणि आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर साफ केलेल्या फाइलशेजारी काहीही न खोडलेली, टकटकीसकट फाइलही असते.