मांजर टोचू देतं का?

आमच्या बोक्याला डायबेटिस आहे आणि त्याची शुगर मी घरीच तपासते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अहो, पण तो टोचू देतो?’ मांजराला डायबेटिस होतो यावरच निम्म्यांचा विश्वास नसतो. होतो. नसबंदी झालेल्या, सुटलेल्या, दिवसभर खिडकीत लोळणाऱ्या बोक्यांना तर जास्तच, आणि आमचा गोट्या यातल्या एकाही अटीत कमी पडत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देतो. रक्त कानातून घ्यायचं. कान उजेडासमोर धरला की कडेकडेने जाणारी बारीक शीर दिसते. ती शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सुई टोचायची, शिरेत नव्हे. कान गार असेल तर काही केल्या थेंब येत नाही, म्हणून आधी मोज्यात तांदूळ भरून, मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून ती पुरचुंडी कानाला लावायची. कानामागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्याच बोटात. मोहरीएवढा थेंब पुरतो, ग्लुकोमीटरची पट्टी टेकवली की ती स्वतःच ओढून घेते. मग कान क्षणभर दाबून धरायचा आणि बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. गोट्याला टोचण्यापेक्षा धरून ठेवण्याचा राग जास्त आहे. चिकनचा डबा वाजला की स्वतः येऊन बसतो.

‘मग डॉक्टरांकडेच का नाही नेत?’ नेते की. पण पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेतून टेबलावर पोचलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीनेच चढते. एरवी साधारण 80 ते 120 असणारा निरोगी मांजराचा आकडा तिथे 300 च्या पुढेही जाऊ शकतो. त्यावरून इन्सुलिन वाढवलं तर घरी आल्यावर शुगर कोसळायची. आमच्या डॉक्टरांनाही म्हणूनच घरची वही हवी असते.

आईचा ग्लुकोमीटर चालेल का, हेही विचारतात. मांजराच्या रक्तातली जवळजवळ सगळी साखर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात असते, तांबड्या पेशींत फारच थोडी. माणसाचं तसं नाही. माणसाचं मशीन माणसाच्या रक्ताच्या हिशोबाने बनवलेलं, त्यामुळे ते मांजराचा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीची मशीनं मिळतात, पण पट्ट्या महाग. माणसाचं वापरायचं तर डॉक्टरांना तसं सांगून, आणि कायम तेच एक.

खरी काळजी मला सुईची नाही, सिरिंजची वाटते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेलं आणि 100 युनिट असलेलं अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. लाल टोपणाची सिरिंज 40 ची, केशरी 100 ची. मांजरांना देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सहसा 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलंत तर अडीचपट डोस जातो, आणि मांजराचा डोस मुळात एखाद-दोन युनिटचा. मेडिकलवाला देईल ती घेऊन येऊ नका. टोपण बघा, त्यावरचा आकडा वाचा.

‘रोज करता?’ हो, सकाळ-संध्याकाळ, इन्सुलिनच्या आधी. आकडा नेहमीपेक्षा बराच खाली असेल तर इंजेक्शन न देता आधी फोन. 60 च्या खाली गेला, चाल डगमगायला लागली, तर हिरड्यांना थोडा मध चोळायचा आणि थेट दवाखाना. शिवाय अधूनमधून दिवसभराचा कर्व्ह, म्हणजे दर दोन तासांनी एक टोचणी. शुगर किती खाली उतरते आणि कधी, ते त्यात कळतं. कमी कार्बच्या ओल्या खाण्यावर आणि इन्सुलिनवर काही मांजरांचा डायबेटिस मावळतोही. अशा वेळी जुनाच डोस देत राहणं घातक, आणि गरज कमी होतेय हे सगळ्यात आधी घरच्या आकड्यांत दिसतं.

गोट्याचे आकडे सध्या उतरतायत. रविवारी कर्व्ह करायचाय, त्यामुळे बारशाला यायला जमणार नाही.