मुखवट्यांवर आळ

घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं मी मासे सांभाळतो. मासे आपले आपण जगतात. माझा दिवस जातो मीठ कालवण्यात, काच खरवडण्यात आणि स्किमरचा, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचा, कप धुण्यात. त्या कपाच्या वासाबद्दल काही लिहीत नाही.

ही गोष्ट मातीकाम करणाऱ्या एका ताईंच्या टाकीची. लाइव्ह रॉकचा (जिवाणू वसलेल्या समुद्री खडकाचा) ढीग त्यांना नको होता. त्यांनी स्वतः तीन मुखवटे घडवले, भट्टीत भाजले आणि टाकीत उभे केले. त्यांवर कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवले: एकाच्या डोक्यावर केसांच्या जागी ग्रीन स्टार पॉलिप, दुसऱ्याच्या गालांवर झोआ (छोट्या फुलांसारखे दिसणारे जीव), तिसऱ्याच्या डोळ्यांच्या खोबणीत मश्रूम कोरल. खडक अगदी नावाला, मागच्या कोपऱ्यात.

आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या लोकांना असलं काही बघवत नाही. रीफ (प्रवाळांची वस्ती) म्हणजे खडकच. कवट्या, किटल्या, प्लॅस्टिकचे ठोकळे म्हणजे पोरखेळ. मला हा सोवळेपणा कधीच पटला नाही. समुद्रात कोरलची अळी बसायला जागा शोधते ती जिवाणूंचा थर आणि गुलाबी-जांभळं कोरलाइन शैवाल बघून. घरात तर फ्रॅग, म्हणजे कोरलचा तुकडा, आपणच गोंदाने चिकटवतो. खाली नाक आहे की दगड, त्याला काय? मेक्सिकोत कॅन्कूनजवळ समुद्राच्या तळाशी 2009 पासून जेसन डीकेअर्स टेलर यांचे माणसांचे पुतळे उभे आहेत आणि त्यांच्यावर कोरल वाढतंय, कारण सिमेंट विचार करून निवडलेलं आहे. उलट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात कृत्रिम रीफ म्हणून वीसेक लाख टायर बुडवले. त्यांना बांधणाऱ्या पोलादी क्लिपा गंजून तुटल्या, टायर सुटले आणि शेजारच्या खऱ्या रीफवर जाऊन आदळले. तिथेही घात आकाराने केला नाही, आधी धातूने केला.

म्हणून कुणी नवी वस्तू दाखवली की मी आधी तिची उलटतपासणी घेतो. ग्लेझ (मातीवर चढवलेला काचेसारखा लेप) आहे का? असेल तर शक्यतो नको, कारण शोभेच्या भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसं किंवा तांबं असू शकतं. रंग वरून मारलाय की मातीतच आहे? रेझिनची पोकळ मूर्ती असेल तर वजनासाठी आत काय भरलंय? चुंबक सगळीकडून फिरवून बघायचा. पण पितळेला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानायचं नाही. सिमेंट असेल तर ते आठवडेच्या आठवडे पाणी बदलत मुरवायचं, नाहीतर टाकीचा पीएच चढतो. ताईंचे मुखवटे या सगळ्यातून सुटले होते. साधी भाजलेली माती, ग्लेझ नाही. एक मुखवटा जरा काळपट दिसतो म्हणून मी खोदून विचारलं होतं, “ताई, यात रंगासाठी ऑक्साइड कसलं?” त्या म्हणाल्या, “ऑक्साइड नाही दादा, मातीच वेगळी आहे.” मातीच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवतो.

टाकी वर्षभराहून जास्त काळ मजेत चालली. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. श्रिम्प मेला होता, टर्बो गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडल्या होत्या, एकही पॉलिप उघडत नव्हता. “पण तुम्ही काळजी करू नका, मुखवटे मी रात्रीच काढलेत. मातीतूनच काहीतरी उतरतंय असं सगळे म्हणतायत. आता उकळून घेते.”

मी फोनवर ओरडलो असेन. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ उकळणं म्हणजे काय, हे या ‘सगळ्यां’पैकी एकालाही माहीत नसावं. त्यांच्यापैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. उकळल्याने ते निष्प्रभ होतंच असं नाही, आणि वाफेबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं. त्यावर उतारा नाही. अलास्कात 2012 ते 2014 या काळात झोआ हाताळल्यावर घरांतली आणि दुकानातली माणसं आजारी पडल्याच्या घटनांची अधिकृत नोंद आहे. मी निघता निघता एवढंच सांगितलं: गॅस बंद करा, खिडक्या उघडा, कशाला हात लावू नका.

पोचलो तेव्हा पातेलं ओट्यावर होतं, पाणी कोमट झालेलं, मुखवटा अजून बाहेरच. वाचलो. पण तो झोआंचा मुखवटा रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत होता. झोआंचा राखाडी लगदा झाला होता. बाकीचे दोन खाऱ्या पाण्यात होते, पण ना हीटर ना हवा. त्यांच्या बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला आणि टाकीकडे वळलो.

तापमान ठीक. क्षारता हजारी 35. अल्क (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता), कॅल्शियम जागच्या जागी. अमोनिया मात्र किंचित दिसत होता, आणि त्याचं कारण उघड होतं. खडक नावाला असलेल्या या टाकीत जिवाणू राहत होते ते मुखवट्यांच्या सच्छिद्र मातीत. मुखवटे काढले म्हणजे फिल्टरच उपसून बाहेर ठेवला. पण श्रिम्प त्याआधी मेला होता.

क्लाऊनफिश मजेत पोहत होते. मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव आडवे, असं दिसलं की माझ्या मनात पहिला शब्द येतो तांबं. मासे जेवढं सोसतात तेवढ्यात श्रिम्प, गोगलगायी, कोरल संपतात. म्हणून तर माशांना तांब्याचं औषध वेगळ्या टाकीत देतात. घरगुती किटने तांबं शून्य दाखवलं. त्याचा अर्थ फक्त एवढाच की किटला दिसेल इतकं नाही.

हीटर, पंप, वेव्हमेकर एकेक करून बाहेर काढून पाहिले. कुठे तडा नाही. मग काच पुसताना फ्रॅग रॅकच्या (कोरलचे तुकडे ठेवायची फळी, काचेच्या आतबाहेर लावलेल्या चुंबकांनी धरलेली) बाहेरच्या चुंबकाला बोट लागलं आणि तो सरकला. हा चुंबक एरवी दोन्ही हातांनी ओढूनही हलत नसे. बाहेरचा ठणठणीत होता, म्हणजे खोट आतल्यात.

आतल्या बाजूने रॅकवर मॉन्टिपोरा या कोरलचा केशरी पापुद्रा चढला होता, कडेने काचेवरही उतरला होता. बघणारा कौतुकच करेल. मी पाण्यात हात घालून आधी रॅकवर पिशवी चढवली, मग ब्लेडने मॉन्टिपोरा कापत पिशवीसकट रॅक सोडवला. बाहेर आणून पापुद्रा उचकटला. खालचं प्लॅस्टिकचं कवच फुगून शिवणीवर फाटलं होतं आणि आत चुंबकाच्या जागी तपकिरी चिखल. हे निओडिमियम चुंबक मुळात लोखंडी मिश्रधातूचे, आणि त्यांवर सहसा निकेल-तांबं-निकेल असा मुलामा असतो. खारं पाणी शिरलं की गंज फुगतो, चीर वाढते, आणखी पाणी शिरतं. चीर झाकून ठेवली होती ती कोरलनेच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मुखवटे विचित्र दिसतात म्हणून आळ त्यांच्यावर. दुकानातून आलेल्या, पाकिटावर ‘रीफ सेफ’ छापलेल्या रॅककडे कुणी बघितलंसुद्धा नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की चुंबक वेळोवेळी तपासायचे असतात. हे पाकिटावर कुठेही नव्हतं.

त्याच दिवशी दोन्ही मुखवटे परत टाकीत ठेवले, मोठा वॉटर चेंज केला, ताजा कार्बन आणि धातू शोषणारा पॅड लावला. पुढे आयसीपीचा, म्हणजे पाण्यातले धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, अहवाल आला. निकेल आणि तांबं दोन्ही चढलेले. ग्रीन स्टार पॉलिप सगळ्यांत आधी उघडले. ते कशानेच मरत नाहीत. मश्रूम सावकाश फुगले. झोआ मात्र गेले ते गेलेच, आणि माझ्या डोक्यातून तेच जात नाही. चुंबकाने जे मिटले होते ते बहुतेक उघडले. मेले ते गोड्या पाण्यात, संशयावरून.

ताईंनी एकदा विचारलं, “माती सुरक्षित आहे असं लिहून द्याल का? लोक अजून म्हणतात म्हणून.” मी आयसीपीचा कागद त्यांच्या हातात दिला. लोकांनी तो वाचला असेल असं वाटत नाही.

आता त्यांनी चौथा मुखवटा भाजलाय आणि तो त्यांना पाण्यात अधांतरी हवाय, खालून मासे जाता यावेत म्हणून. चुंबक लावायचा नाही, यावर आमचं एकमत आहे. ॲक्रिलिकची सळई वरच्या कडेवरून खाली सोडायचा विचार चाललाय. आज मुखवटा पेलेल, पण मॉन्टिपोराने अंग धरलं की वजन वाढणार. सळई किती जाड घ्यावी, ते अजून ठरत नाहीये.