ग्रँथमची शाळा, एकास शंभर: सात महिन्यांत कुठवर आलंय

मंडळी, मागच्या वेळी नुसती एक दगडी भिंत दाखवून ‘ओळखा’ म्हटलं होतं. निम्म्या लोकांनी चर्च म्हटलं, एकाने चक्क वसईचा किल्ला. चर्चवाले थोडक्यात हुकले, कारण चर्च समोरच आहे. भिंत इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या ग्रँथम गावातली, तिथल्या मुलांच्या किंग्ज स्कूलची. शाळा आजही भरते, मुलगे प्रवेश परीक्षा देऊन तिथे जातात. मी मॉडेल करतेय ते तिच्या सगळ्यात जुन्या, साधारण १४९७ च्या इमारतीचं, एकास शंभर म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या मापात. सगळी शाळा एकाच लांबलचक खोलीत भरायची ती.

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे नॉटिंगहॅमला गेले होते, तेव्हा वुल्सथॉर्पचं न्यूटनचं घर बघून परतताना ग्रँथमला उतरले. अर्धा तास हाताशी होता. रस्त्यावरून पावलं टाकून लांबी मोजली आणि मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत फोटो काढले. आत जायला मिळालं नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये आतला भाग नाही हे आधीच सांगून टाकते.

भिंती दोन मिलिमीटर माउंटबोर्डच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या. दगडांच्या रेघा बोथट दाभणाने ओढल्या, कटरने नाही. कटरने कागद कापला जातो आणि रंग आत ओढून घेतो, रेघ काळी पडते. तिकडचा चुनखडीचा दगड पिवळसर. माझा पहिला हात अगदी आम्रखंडासारखा आला. त्यावर कोऱ्या चहाचं पाणी दोनदा फिरवलं, मग करड्या रंगाचा कोरडा ब्रश, तेव्हा कुठे दगड दगडासारखा दिसायला लागला. खिडक्यांमधल्या दगडी उभ्या पट्ट्यांसाठी बाल्सा हे हलकं लाकूड चिरून पाहिलं, तुटतं. शेवटी उपाय देवघरात सापडला. उदबत्ती विझल्यावर खाली उरते ती बांबूची काडी, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. धुऊन, रंग खरवडून, चार खिडक्या झाल्या. सासूबाई आता रोज काड्या बाजूला काढून ठेवतात. परवा म्हणाल्या, “अगं, तुझ्या शाळेपायी मी दिवसाला दोन उदबत्त्या जास्त लावतेय.”

हे सगळं हाताचं काम, ते होतं. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. जुन्या इमारतीचं मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो: कुठल्या वर्षातली दाखवायची? वाडा करायचा तर पेशवाईतला की पत्र्याची शेड टाकलेला? इथे तर शाळेचं नाव कागदोपत्री १३२९ पासूनचं. मग जवळच्या रॉप्सली गावात जन्मलेला रिचर्ड फॉक्स, विंचेस्टरचा बिशप आणि सातव्या हेन्रीच्या दरबारातला वजनदार माणूस, त्याने १५२८ मध्ये शाळेची नव्याने व्यवस्था लावली. ऑक्सफर्डचं कॉर्पस क्रिस्टी कॉलेजही त्याचंच. १५५३ मध्ये सहाव्या एडवर्डची सनद मिळाली आणि नावात राजा आला. पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीचा उजवा हात झालेला विल्यम सेसिल लहानपणी इथे शिकला. पहिल्या महायुद्धातला विमानवीर अल्बर्ट बॉलही काही काळ इथलाच विद्यार्थी. म्हणजे कुठलंही शतक घ्या, दाखवण्यासारखं काहीतरी आहेच. आणि गावातली दुसरी जगप्रसिद्ध विद्यार्थिनी, किराणा दुकानदाराची मुलगी मार्गारेट थॅचर, ती मात्र या शाळेत नाही. ती मुलींच्या शाळेत गेली. ही मुलांची शाळा, तिच्यासाठी दार नव्हतंच.

दोन महिने वर्ष ठरेना म्हणून काम बंद होतं. शेवटी ज्या मुलाने ते ठरवून दिलं तो आपल्यातला निघाला. शब्दशः आपल्यातला, मॉडेलवाला.

आयझॅक न्यूटन १६५५ मध्ये बारा वर्षांचा असताना इथे आला. घर सात मैलांवर, म्हणून गावातच क्लार्क नावाच्या औषधवाल्याकडे राहायला. पुढे विल्यम स्ट्युकली नावाचे डॉक्टर ग्रँथमला राहायला आले आणि न्यूटनला लहानपणी पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या. त्या वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले. आईने दिलेले पैसे पोरगा करवती, छोट्या कुऱ्हाडी आणि हातोडे यांत उडवायचा. बरोबरची मुलं खेळायला जायची, हा खोलीत ठाकठोक करत बसायचा. घरातल्या मुलींच्या बाहुल्यांसाठी टेबलं-कपाटं करून द्यायचा. गावाबाहेर गॉनर्बीच्या रस्त्याला नवी पवनचक्की उभी राहत होती, तर रोज जाऊन कारागिरांचं काम बघत राहिला आणि तशीच छोटी चक्की करून घराच्या छपरावर बसवली, कापडी शिडांसकट. वारा पडला तर काय, म्हणून आत एक उंदीर ठेवला, त्याने चाक फिरवायचं. त्याला तो ‘चक्कीवाला’ म्हणायचा आणि दळायला टाकलेलं धान्य चक्कीवालाच खातो अशी वर तक्रारही करायचा.

या नादात अभ्यास मागे पडायचा. वर्गात मुलं क्रमाने बसायची, तेव्हा त्याच्याहून मठ्ठ पोरं वर सरकायची. मग हा चार दिवस पुस्तक हातात घ्यायचा, सगळ्यांना मागे टाकायचा आणि पुन्हा करवतीकडे. आपल्या ग्रुपमधल्या किती जणांच्या प्रगतिपुस्तकाची ही गोष्ट आहे, हात वर करा.

मारामारीचा प्रसंग तर सगळ्यांना थोडाफार माहीत असतो: शाळेत जाताना एकाने पोटात लाथ मारली, संध्याकाळी न्यूटनने त्याला चर्चच्या आवारात आव्हान दिलं. मला त्यातला तिसरा माणूस आवडतो, हेडमास्तरांचा मुलगा. तो सोडवायला न जाता एकाची पाठ थोपटून, दुसऱ्याला डोळा मिचकावून दोघांनाही चेव देत होता. न्यूटन जिंकल्यावर याने सांगितलं, आता भित्र्यासारखं वागव याला, नाक घास भिंतीला. न्यूटनने कान धरून नेलं आणि चर्चच्या भिंतीवर तोंड दाबलं. त्या भिंतीचा तुकडा माझ्या मॉडेलखालच्या पाटावर येतोय, म्हणून हे सगळं.

तर वर्ष १६५५ ते १६६१ च्या मधलं, एवढं ठरलं. मग लोभ सुटला. सेंट वुल्फ्रम चर्चचा मनोरा घ्यावा असं वाटलं. उंची २८२ फूट, म्हणजे साधारण ८६ मीटर. एकास शंभरला ८६ सेंटिमीटर! माझी शाळा त्याच्या पायाशी काडेपेटीसारखी दिसली असती आणि काचेचं कपाट नवं करावं लागलं असतं. नवऱ्याने फक्त “बरं” म्हटलं, पण कसं म्हटलं ते मला कळलं. मग एक शक्कल सुचली. शाळा चर्चच्या उत्तरेला आहे. तिकडे दुपारी सूर्य दक्षिणेला, म्हणजे सावली शाळेच्या बाजूला पडणार. मनोरा करायचाच नाही, पाटावर त्याची सावली रंगवायची. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी जेवण बाहेरून मागवलं.

ही खुशी आठवडाभर टिकली. कारण दरम्यान मी प्रसंग ठरवून बसले होते: सप्टेंबर १६५८ चं वादळ. ऑलिव्हर क्रॉमवेल मेला त्या दिवशी म्हणे मोठा वारा सुटला होता आणि मुलं लांब उडीच्या पैजा लावत होती. एरवी उड्यांत मागे राहणारा न्यूटन वाऱ्याचा झोत कधी येतो ते बघून उडी मारायचा आणि जिंकायचा. मग वाऱ्याबरोबर किती, वाऱ्याविरुद्ध किती, शांत दिवशी किती असं मोजून वाऱ्याचा जोर काढायचा. म्हातारपणी तो सांगायचा की हा आपला पहिला प्रयोग. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे एकास शंभरला सोळा मिलिमीटर. तारेवर पुट्टी चढवून सहा मुलं केली, कोट उडालेले, एक हवेत. पुट्टी सुकल्यावर लक्षात आलं: वादळात ऊन कुठलं? ऊन नाही तर सावली नाही. वादळ ठेवलं की मनोरा गेला, मनोरा ठेवला की मुलं उगाच उड्या मारतायत.

काल निर्णय घेतला, वादळ जाणार. कारण सावली या मुलाची जास्त जवळची आहे. क्लार्कच्या अंगणात त्याने भिंतींवर खुंट्या मारून सावलीवरून तास आणि अर्धे तास खुणावले होते आणि शेजारीपाजारी त्या ‘आयझॅकच्या घड्याळावर’ वेळ बघायचे. सहापैकी पाच मुलं आता चर्चच्या भिंतीपाशी मारामारी बघत उभी राहतील. हवेतला डब्यात.

आता खिडकीच्या कट्ट्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. जुन्या इमारतीत खिडकीच्या दगडी कट्ट्यावर न्यूटनने आपलं नाव कोरलंय, आय. न्यूटन, सगळं मोठ्या लिपीत. आजूबाजूला इतर पोरांचीही नावं आहेत. हे एकास शंभरला होणं शक्य नाही. अक्षरं दोन इंची धरली तरी अर्धा मिलिमीटर. म्हणून ठरवलं की मॉडेलशेजारी कट्ट्याचा एक तुकडा खऱ्या मापात ठेवायचा. पहिला प्रयत्न प्लास्टर ऑफ पॅरिसवर, कडा भुसभुशीत होऊन ढासळल्या. मग शंखजिऱ्याची लादी आणली आणि बारीक पटाशी.

कोरायला बसल्यावर कळलं की हे नाव दगडासाठीच केलंय. आय, एन, ई, डब्ल्यू, टी, पुन्हा एन. सगळ्या सरळ रेघा, पटाशी धरा आणि ठोका. मधला एकच ओ. सरळ अक्षरं पाऊण तासात झाली आणि ओसाठी दोन संध्याकाळ गेल्या. पहिल्यांदा तो षटकोन झाला, दुसऱ्यांदा वरचा टवका उडाला. तिसऱ्या वेळी पटाशी न ठोकता कंपासचं टोक नुसतं फिरवत राहिले, शेकडो वेळा, तेव्हा गोल आला. आणि शंखजिरं नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ. तिथे खरा दगड होता. त्या पोराला कोणी रागावलं कसं नाही, की शिक्षा होऊनही त्याने पूर्ण केलं? हेडमास्तर स्टोक्स तसे समजूतदार असावेत. १६५९ मध्ये आईने त्याला शेती बघायला घरी नेलं, तर हा बाजाराच्या दिवशी गड्याला पुढे पाठवून क्लार्कच्या माळ्यावर पुस्तकं वाचत बसायचा. स्टोक्सनी मामाबरोबर आईची समजूत घातली, चाळीस शिलिंग फी माफ करायची तयारी दाखवली, आणि पोरगा परत आला. १६६१ मध्ये केंब्रिजला गेला. त्या चाळीस शिलिंगांवर कुठेतरी एक छोटी पाटी हवी होती असं मला वाटतं. पुतळा मात्र मोठा आहे, १८५८ चा, सेंट पीटर्स हिलवर. तो माझ्या वर्षात बसत नाही, म्हणून घेतला नाही. न्यूटनचा पुतळाच बघायचा तर आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आहे.

शेवटची गोष्ट पाण्याचं घड्याळ. न्यूटनने क्लार्कच्या घरात चार फुटी लाकडी पेटीचं केलं होतं. थेंब थेंब पाण्याने एक लाकडाचा तुकडा वरखाली व्हायचा, त्याने वरच्या तबकडीवरचा काटा फिरायचा. रोज सकाळी तो त्यात मोजून पाणी घालायचा आणि घरातले लोक त्यावर वेळ बघायचे. मी मॉडेलला जोड म्हणून एक फुटी केलंय, चहाच्या बरणीचं, भोक इंजेक्शनच्या सुईचं. पहिले दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी तासाला सात मिनिटं मागे, पाचव्या दिवशी वीस. सुई काढून पाहिली तर आत पांढरा थर. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादल्यांवरही तेच बसतं. गंमत म्हणजे म्हातारपणी न्यूटनने स्ट्युकलींना नेमकं हेच सांगितलंय: पाण्याच्या घड्याळाची खरी अडचण म्हणजे बारीक भोक पाण्यातल्या गाळाने बुजत जातं, आणि वाळूच्या घड्याळात उलटं, भोक झिजून मोठं होतं.

सुई सध्या व्हिनेगरमध्ये पडलीय. छपराचे कागदी दगड कापायचे बाकी आहेत, साधारण नऊशे. अडीचशे झालेत. कोणाकडे गोल कोपऱ्याची सर्वांत लहान पंच असेल तर सांगा, कुरिअरचे पैसे मी देईन.