आमची वाटचाल: विटेपासून वर्गातल्या हवेपर्यंत

शाळा बांधताना सुरुवातीला आम्ही फक्त सिमेंट, वीट आणि पोलादाचा हिशेब धरायचो. कमी कार्बनची, म्हणजे बांधताना कमी कार्बन डायऑक्साइड हवेत सोडणारी शाळा बांधायची तर सिमेंट कमी, भट्टीची वीट नको, जमेल तिथे लाकूड. हा हिशेब आजही करतो, पण आता आमचं निम्मं काम वर्गातल्या हवेचं असतं.

ऊर्जा वाचवायला फटी बुजवल्या, दुहेरी काचा लावल्या, की वर्ग डबीसारखा बंद होतो. ७ बाय ८ मीटरचा, सव्वातीन मीटर उंचीचा वर्ग, ४० मुलं आणि खिडक्या लावलेल्या: पंधरा-वीस मिनिटांत कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर जातो. बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. मुलं पेंगायला लागतात, डोकी जड होतात, एकाची सर्दी सगळ्या बाकांवर फिरते. म्हणून आम्ही माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरतो. ४० जणांना ४०० लिटर, म्हणजे तासाला जवळपास ८ वेळा खोलीतली सगळी हवा बदलली पाहिजे. एकाच भिंतीतल्या खिडक्यांवर हे भागत नाही. समोरच्या भिंतीत छतालगत झडप हवीच.

थंड हवेच्या ठिकाणी बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवतो. ते घरघरलं की शिकवणं ऐकू येत नाही आणि कुणीतरी ते बंद करतं. त्यामुळे रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, हे आधीच लिहून घेतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आम्ही बाकावर बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून मीटरभर, दार-खिडकीपासून लांब लावतो. दाराशेजारी लावलेला मीटर कायम चांगलाच आकडा दाखवतो.

भिंतींसाठी दाबून केलेल्या मातीच्या विटा वापरतो. त्यात ५ ते ८ टक्के सिमेंट पुरतं, पण २८ दिवस ओल टिकवावी लागते. मातीत चिकणमाती जास्त झाली की वीट तडकते. जोतं बुटकं राहिलं की ओल वर चढते.

फर्निचर शाळा भरायच्या आधी काही आठवडे आणून खोल्या उघड्या ठेवतो. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, उकाड्यात आणि दमटपणात तर जास्तच. डोळे चुरचुरतात, घसा धरतो.

सगळ्यात जास्त घोळ मात्र रंगात होतो. मातीच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा ८-१० मिलिमीटरच्या थरांनी दिला की भिंतीतली वाफ बाहेर पडत राहते. पुढे डागडुजीत कुणी त्यावर प्लास्टिक पेंट मारला, की ओल आत कोंडते. आधी रंगाला फुगे येतात, मग पोपडे, मग कपाटामागे काळी बुरशी. दमेकरी मुलांना त्रास देते ती हीच. म्हणून इमारत ताब्यात देताना देखभालीच्या कागदावर पहिली ओळ लिहितो: या भिंतींना फक्त चुन्याची सफेदी.