तुम्ही विचारलंत म्हणून : टाकीतली झाडे जगतात कशी?

माझ्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडलेले नाही, तळाशी खास माती नाही आणि वरचा दिवाही साधाच आहे; मग आतली झाडे इतकी हिरवी कशी राहतात, असे नव्याने मासे पाळू लागलेले लोक मला नेहमी विचारतात.

याचे उत्तर झाडांच्या निवडीपासून सुरू होते. अनुबियस, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिनच्या अनेक जाती निसर्गात सावलीतल्या ओढ्यांच्या काठाने वाढतात, त्यामुळे मंद प्रकाशात सावकाश वाढणे त्यांना मानवते. ज्या झाडाची वाढ संथ असते त्याला कार्बन आणि खतही थोडेच लागते, आणि ते बहुतेक वेळा माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि त्यांच्या श्वासातून मिळून जाते.

सर्वांत जास्त गैरसमज प्रकाशाबद्दल आहे. झाड खुरटलेले दिसले की दिवा वाढवावा असे वाटते, परंतु पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो, म्हणून साध्या टाकीत झाडाची अडचण बहुधा प्रकाशाची नसून कार्बनची असते. अशा वेळी दिलेला जादा प्रकाश झाडाला वापरता येत नाही आणि त्याचा फायदा शेवाळ घेते. अनुबियसची जुनी, जाड पाने तर शेवाळाला बसण्याची आवडती जागाच आहे. मी दिवा टायमरवर सहा ते आठ तास ठेवतो आणि टाकीवर थेट ऊन पडू देत नाही. शेवाळ दिसू लागले तर औषध आणण्याआधी दिव्याचा एक तास कमी करून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. अनुबियस आणि जावा फर्न यांचे आडवे वाढणारे जाड खोड वाळूत पुरले तर ते कुजते, म्हणून ही झाडे दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावीत. पुढे त्यांची मुळे स्वतःच घट्ट धरून बसतात. क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिस्नेरिया मात्र वाळूतच लावायची असतात, आणि वाळूत पोषण नसल्यामुळे त्यांच्या मुळांशी अधूनमधून खताची गोळी खोचावी. व्हॅलिस्नेरिया असलेल्या टाकीत ‘द्रव कार्बन’ म्हणून विकली जाणारी ग्लुटारल्डिहाइडयुक्त द्रावणे वापरू नयेत, कारण त्यांनी तिची पाने विरघळू लागतात. हॉर्नवर्टला तर मुळेच नसतात. ते नुसते तरंगत सोडले तरी पाण्यातला अमोनिया शोषून भराभर वाढते, म्हणून नव्या टाकीत मी ते अवश्य घालतो.

लावल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र अनेकांचा धीर सुटतो, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. रोपवाटिकेत बरीच झाडे पाने पाण्याबाहेर ठेवून वाढवलेली असतात. ती पाण्यात बुडवली की हवेत वाढलेली ती पाने पिवळी पडून गळतात आणि पाण्याला सरावलेली नवी पाने मागाहून येतात. क्रिप्टोकोरिन तर पाणी किंवा जागा बदलल्यावरही सगळी पाने टाकून देते. झाड मेले समजून लोक ते उपटतात, पण खाली मूळ टणक आणि जिवंत असते. कुजकी पाने बुडाशी कापून काढावीत आणि रोप जिथे आहे तिथेच राहू द्यावे. सारखी जागा बदलल्याने या झाडांचे जेवढे नुकसान होते, तेवढे खताच्या कमतरतेनेही होत नाही.

गोल्डफिश ठेवायचे असतील तर कोवळ्या पानांची आशा सोडून अनुबियस आणि जावा फर्न हीच कडक पानांची झाडे घ्यावीत. छाटणीनंतर उरलेले तुकडे, विशेषतः हॉर्नवर्टचे, ओढ्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नयेत, कारण एका तुकड्यापासूनही नवे झाड उभे राहते. ते पूर्ण वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळावेत.